आबांना वाचून दाखवलेलं प्रकरण

माझे सासरे, आबा, २०२०च्या जानेवारीत आमच्याकडे डब्लिनला आले, ते गावातल्या लोकांचे गरम कपडे घालून. स्वेटर एका निवृत्त सुभेदाराचा, कानटोपी आणखी कुणाची. सातारा जिल्ह्यातलं ते गाव फौजींचं, त्यामुळे लोकरीला तोटा नव्हता. आबांनी स्वतः फौजेत ट्रक चालवण्यात उमेद घालवली होती. सासूबाई आल्या नाहीत. गुडघे दुखतात, विमानात इतका वेळ बसवणार नाही म्हणाल्या, आणि शिवाय म्हैस व्यायला झाली होती. "तुमी जाऊन या," त्या आबांना म्हणाल्या, "नातीला बगून या, मग मला सांगा." परतीचं तिकीट मार्चअखेरीचं होतं.

आम्ही ॲडम्सटाउनला राहतो. सगळी घरं एकाच वेळी बांधलेली, एकाच विटेची, मधून रेल्वे स्टेशन. आबा पहिल्या आठवड्यात दोनदा दुसऱ्याच्याच दारात उभे राहिले. नवरा एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. मी इतिहास शिकवते, एका कॉलेजात, तासांवर. आणि त्या सुमाराला माझं पुस्तक संपत आलं होतं.

पुस्तक अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाबद्दल होतं, म्हणजे खरं तर ते धोरण ज्यांनी घडवलं त्या थोड्या माणसांबद्दल. आयरिश लोक मला विचारतात, तुझा याच्याशी काय संबंध? पुण्याचे लोक विचारतात, याचा उपयोग काय? दोन्ही प्रश्नांना मी आता उत्तर देत नाही. मला त्या मोठ्या माणसांच्या खोल्यांमध्ये रस होता. निर्णय झाला तेव्हा खोलीत कोण बसलं होतं, कुठला कागद समोर होता, कुठला कागद कुणी उघडलाच नाही. वर्गात पहिल्या तासाला मी मुलांना सांगते, की पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, त्या माणसांना नव्हतं. तेवढं विसरून मग त्यांच्याबद्दल बोला. मुलं लिहून घेतात. मलाही ते वाक्य आवडायचं.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. आबांचं विमान रद्द झालं, माझी अमेरिकेतल्या अभिलेखागाराची फेरी रद्द झाली. इथल्या सरकारने सत्तरीच्या पुढच्यांना सांगितलं, घराबाहेर पाऊल टाकू नका. त्याला इथे कोशात राहणं म्हणत होते, जणू पुढे फुलपाखरं होणार होती. आबा मागच्या अंगणात कुंपणालगत फेऱ्या मारायचे. नवरा कामावर जायचा. त्याच्या कारखान्यात श्वास देणाऱ्या यंत्रांचे भाग बनत, त्यामुळे त्याला सुट्टी नव्हतीच. मुलगी वरच्या खोलीत लॅपटॉपवर शाळा करायची. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आबा, समोर लसूण किंवा मेथी घेऊन. मेथी शेजारच्या लुकन गावातल्या भारतीय दुकानातून यायची आणि ती निवडायला ते अख्खी दुपार लावायचे.

तेव्हा मी १९७१चं प्रकरण दुरुस्त करत होते. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानात लष्कराने माणसं मारायला सुरुवात केली. ढाक्यातल्या अमेरिकन वकिलातीतल्या अधिकाऱ्यांनी वॉशिंग्टनला तार पाठवून आपल्याच सरकारच्या गप्प बसण्याचा निषेध केला. वॉशिंग्टनमधल्या दोघांना, अध्यक्षांना आणि त्यांच्या सल्लागाराला, तेव्हा पाकिस्तानच्या मध्यस्थीने चीनशी गुपचूप संधान बांधायचं होतं. तार बाजूला पडली. ढाक्यातल्या मुख्य अधिकाऱ्याची बदली झाली. अध्यक्षांच्या दालनात लपवलेल्या यंत्रावर त्या काळातली संभाषणं ध्वनिमुद्रित झालेली आहेत आणि आता ती कुणालाही घरबसल्या ऐकता येतात. मी ती कानाला लावून ऐकत बसायची.

"कोन बोलतंय त्यात?" आबांनी एकदा विचारलं.

"तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष. एकाहत्तर सालचे."

"बांगलादेशच्या टायमाचा?"

"हो."

आबा त्या लढाईत पूर्वेकडे होते. ट्रकमधून शिधा न्यायचे. त्यांनी हात पुसले आणि मी त्यांच्या कानाला हेडफोन लावून दिले. इंग्रजी त्यांना कळत नाही. तरी डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

"दमल्यालं वाटतंय मानूस," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आन् ह्यो दुसरा, जाड्या आवाजाचा?"

"त्याचा सल्लागार."

"ह्यो त्याच्या मनातलंच बोलतोय सगळं. आमच्या युनिटमधी बी व्हता आसा येक." आणि हेडफोन काढून ते पुन्हा मेथी निवडायला लागले.

सासूबाई मे महिन्यात गेल्या. सकाळी भांड्यांपाशी बसल्या होत्या, तिथेच आडव्या झाल्या. नणंदेचा फोन मला आला, कारण नवरा कारखान्यात होता आणि तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. नणंद नवऱ्यापेक्षा मोठी, साताऱ्यात शाळेत शिकवायची, आम्ही तिला ताई म्हणायचो. ती रडत नव्हती. भराभर बोलत होती, जसं वर्गात सूचना द्याव्यात. डॉक्टर येऊन गेले. लोक जमवता येणार नाहीत. आजच उरकायचंय. मी सगळ्याला हो म्हणत होते.

आबा ओट्यापाशी कप पुसत होते.

"आबा, आई गेल्या," मी म्हणाले. दुसरं कसं सांगायचं मला सुचलं नाही.

त्यांनी हातातला कप पुसून पुरा केला. कपाटात ठेवला, कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आणि त्याचं दार हळू लावलं. मग म्हणाले, "म्हशीचं कोन बगतंय?"

मी ताईला पुन्हा फोन करून विचारलं. शेजारच्या घरचे बघत होते. मी तसं आबांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

अंत्यसंस्कार मी आणि आबांनी फोनवर पाहिले. एका पुतण्याने फोन धरला होता. ऊन फार होतं, त्यामुळे पडद्यावर बहुतेक वेळ पांढरा उजेडच दिसत होता, मधेच कुणाचा तरी खांदा, कुणाच्या तरी चपला. अग्नी ताईने दिला. तेवढं मात्र नीट दिसलं, कारण पुतण्या त्या वेळी पुढे गेला. आबा खुर्चीत ताठ बसले होते, सुभेदाराचा स्वेटर घालून. मग फोन कट झाला. आम्ही थांबलो, परत लागतो का पाहायला. लागला नाही. आबांनी अंघोळ केली. मी चहा केला.

कारखान्यात निरोप पोचल्यावर नवरा आला, अंघोळ करून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. मी त्याच्या शेजारी बसले. त्याने विचारलं, "आबा जेवले?" मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. त्याने सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. घरी बसून काय करू, म्हणाला.

समोरच्या घरातली आयरिश बाई उंबऱ्यावर सफरचंदाचा टार्ट ठेवून मागे सरकली आणि फाटकाबाहेरून मोठ्याने म्हणाली, "सॉरी फॉर युअर ट्रबल." इथे मयताला असंच म्हणतात. तिने सांगितलं, तिच्या मावशीचं क्रियाकर्मही तिने कॉम्प्युटरवरच पाहिलं, सगळं ग्रँड, म्हणजे ठीक झालं, फक्त आवाज नव्हता. आबांनी विचारलं काय म्हणते. मी सांगितलं, तुमच्या त्रासाबद्दल तिला वाईट वाटतंय.

"तिला म्हनावं, तरास काय न्हाई," आबा म्हणाले.

आणि खरंच, बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. कुणी रडलं नाही. भांडणं झाली नाहीत. मुलगी आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून "यू ओके, आबा?" असं तिच्या आयरिश सुरात विचारायची, आणि ते "वोके, वोके" म्हणायचे. मी माझ्या कामाला लागले. मला वाटलं होतं, मन लागणार नाही. लागलं. उलट जरा जास्तच चांगलं लागलं. टिपा तपासल्या, संदर्भ जुळवले. सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्यांदा भाकरी थापायला शिकवली होती तेव्हा माझा हात भाजला आणि त्यांनी तो आपल्या तोंडाशी नेऊन फुंकर घातली होती. हे आठवायचं, आणि पुढच्या ओळीवर डोळे जायचे. दोन्ही एकाच वजनाचं.

एका दुपारी आबा म्हणाले, "तुजं ते काय चाललंय, ते वाच की मोठ्यानं."

"इंग्रजीत आहे, आबा."

"आसू दे. मला कळाया कशाला पायजे? मानसाचा आवाज पायजे."

मी वाचायला लागले. त्यांनी मान मागे टेकली आणि डोळे मिटले. पान-दोन पानांत झोप लागायची. उठले की म्हणायचे, "थांबलीस का?" असे पुष्कळ दिवस गेले. मुद्रणालयासाठी हस्तलिखित तपासताना मोठ्याने वाचावं असं माझे जुने प्राध्यापक सांगायचे, तेव्हा माझं कामच होत होतं. मग एक दिवस म्हणाले, "आता मराटीत सांग."

ते अवघड निघालं. इंग्रजीत मी लिहिलं होतं त्याला तिथे शैली म्हणतात. जीवितहानी झाली. परिस्थिती बिघडू दिली गेली. चिंता व्यक्त करण्यात आली. आबांना सांगताना ही वाक्यं तोंडातून बाहेर पडेनात, वर्तमानपत्रासारखी वाटायची. मग मी म्हणायची, सैनिकांनी विद्यार्थ्यांना त्यांच्या खोल्यांमध्ये मारलं. वॉशिंग्टनला हे कळलं. तिथे अध्यक्षाने ठरवलं, की आत्ता बोलायचं नाही. मराठीत वाक्याला कर्ता लागत होता. मी रात्रीसाठी भाजी चिरता चिरता ते प्रकरण असं सांगून संपवलं, आणि मग पुढच्या काही आठवड्यांत इंग्रजीतलंही तसंच लिहून काढलं. संपादक बाईंचा फोन आला, की प्रकरण एकदम उघडं झालंय, आधीचं काय वाईट होतं? मी म्हटलं, असंच राहू द्या. त्या म्हणाल्या, "ग्रँड."

आबा ऐकताना फारसं बोलायचे नाहीत. सीमेवरच्या निर्वासितांचा भाग आला तेव्हा मी थांबून त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्ते त्यांनी पाहिले होते. मला वाटलं, आता काही सांगतील. ते म्हणाले, "चिखुल लई व्हता." तेवढंच.

एकदा मात्र त्यांनी मला मधेच अडवलं. "त्या अध्यक्षाला बायकू व्हती का?"

"होती."

"ती काय म्हनाली?"

मला माहीत नव्हतं. मी शोधलं. निदान माझ्या कागदांत तरी ती या सगळ्याबद्दल काही बोललेली नव्हती. मेजवान्यांच्या यादीत, विमानाच्या शिडीवर, एवढीच होती. मी आबांना सांगितलं, लिहून ठेवलेलं नाही.

"बोलली आसंल," ते म्हणाले. "घरात कोन लिवून ठेवतंय?" आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी सासूबाईंचा विषय काढला. म्हणाले, "तिला म्या सांगनार व्हतो हितलं. ही सारकी घरं, माजं दार चुकल्यालं. लई हसली आसती." मग त्यांना पुढचं ऐकायचं होतं.

जूनअखेर कळलं, की अडकलेल्या लोकांसाठी डब्लिनहून दिल्लीला एक खास विमान आहे, दूतावासात नाव नोंदवायचं. आबांना जायचं होतं. ते ओरडले नाहीत, हट्ट केला नाही. फक्त म्हणाले, "मला घरी जायाचं." रोज, जेवताना, एकदा.

ताई नको म्हणत होती. फोन स्पीकरवर असायचा आणि आम्ही दोघं त्याच्याभोवती बसायचो.

"इथे रोज आकडे वाढताहेत," ती म्हणायची. "गावात एकटे राहतील. स्वयंपाक कोण करणार? त्यांना तिथेच ठेव, निदान वर्ष निघू दे."

"ते इथे सुकून चाललेत, ताई. अंगणापलीकडे गेले नाहीत तीन महिने."

"सुकू देत. जिवंत तर राहतील."

नवऱ्याने फोन ठेवल्यावर म्हटलं, "तिला जबाबदारी नकोय." आणि लगेच म्हणाला, "तसं नाही म्हणायचं मला." पण म्हणून झालं होतं. मग आम्ही दोघं बसून विचार करायचो. विमानातला धोका, दिल्लीतलं विलगीकरण, आबांचं वय, रक्तदाब, इथला व्हिसा किती वाढवता येईल. एका बाजूला आबांच्या तब्येतीचा धोका, दुसऱ्या बाजूला आबांचं मन. आम्ही हे नीट, शांतपणे, समंजसपणे मांडत होतो. आमचं बोलणं कुणी ध्वनिमुद्रित केलं असतं तर ऐकणाऱ्याला आम्ही भली माणसं वाटलो असतो.

"तू काय म्हणतेस?" नवऱ्याने शेवटी विचारलं.

"मला कळत नाही," मी म्हणाले. खरंच कळत नव्हतं. आतून काही वर येतच नव्हतं, ना भीती, ना इच्छा. मी म्हणाले, "ते त्यांचं आयुष्य आहे." हे वाक्य कुठेही चालतं.

आबांनीच बॅग भरली. विमानतळावर फक्त प्रवाशांना आत सोडत होते. आम्ही सँट्रीवरून गेलो, रस्ता मोकळा, ऑफिसांच्या पार्किंगमध्ये एक गाडी नाही. दूतावासाच्या यादीतून ओळख झालेला नागपूरचा एक इंजिनिअर, स्वोर्ड्सला राहणारा, त्याच विमानाने चालला होता. त्याने दारातच आबांची बॅग घेतली. "काका, माझ्या मागे राहा फक्त." आबांच्या तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकचा पडदा, त्यावर ती कानटोपी. नवऱ्याने वाकून नमस्कार केला. आबांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "पुस्तक पुरं कर." आणि दारातून आत गेले. मागे पाहिलं की नाही ते कळलं नाही. काचेवर आमचंच प्रतिबिंब होतं.

ते सुखरूप पोचले. दिल्लीत एका हॉटेलात विलगीकरण झालं, मग सातारा, मग गाव. ताई त्यांना घ्यायला आली होती. त्यानंतर ती शाळेचं काम उरकून स्कूटरवर गावाकडे जायची, डबा घेऊन. आबांना दोन वेळचं पुरेल असं. तिचा नवरा बँकेत, त्यांना मूलबाळ नाही. आम्ही म्हणायचो, स्वयंपाकाला बाई लाव. ती म्हणायची, बाहेरची बाई घरात आणणं बरं नाही या दिवसांत. फोनवर तिचा आवाज कधी चिडलेला नसायचा. आबा कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणायचे, मी मजेत. आणि ते खरंच मजेत दिसत होते. गालावर मांस आलं होतं. नवरा म्हणायचा, बरं झालं पाठवलं. मी हो म्हणायची. त्यावेळी ते बरोबरच होतं.

हिवाळ्यात इथे पुन्हा सगळं बंद झालं. जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये जमाव संसदेत घुसला, तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांनी पडद्यावरच्या चौकोनांमधून विचारलं, आता काय होईल? माझ्याकडून त्यांना उत्तर हवं होतं, मी या विषयावर पुस्तक लिहिणारी बाई. मी काहीतरी सांगितलं, ते व्यवस्थितही होतं. बोलताना मी पाहत होते, की बाहेर पाऊस आहे आणि कचऱ्याचे डबे आत घ्यायचे राहिलेत.

एप्रिलमध्ये ताईला ताप आला. आबांनाही खोकला झाला. दोघांची तपासणी झाली, दोघांनाही तोच आजार. कुणाकडून कुणाला आला ते कळायला मार्ग नव्हता; शाळेतून आला असेल, आबांना लसीसाठी रांगेत घेऊन गेली होती तिथून आला असेल. आबांचा खोकला आठवड्यात गेला. ताईला बेड मिळत नव्हता. तिच्या नवऱ्याने दोन दिवस गाडीत घालून तिला फिरवलं, मग एका ठिकाणी मिळाला. आम्ही इथून फोन करत होतो, ओळखीच्यांना, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांना. नवऱ्याच्या कारखान्यातून जगभर यंत्रं जात होती आणि तो साताऱ्यातल्या कुठल्यातरी दुकानदाराला विचारत होता, सिलिंडर आहे का?

ती गेल्याचं तिच्या नवऱ्याने मेसेज करून कळवलं. फक्त दोन शब्द होते. माझा नवरा तो मेसेज बराच वेळ वाचत होता, जणू मोठा असावा.

आबांना कुणी सांगितलं मला माहीत नाही. आम्ही फोन केला तेव्हा ते पडवीत बसले होते. नवरा म्हणाला, "आबा." ते म्हणाले, "हां." मी फोन धरून होते. माझा हात अवघडला म्हणून मी तो दुसऱ्या हातात घेतला.

त्याच आठवड्यात पुस्तकाची छापण्याआधीची पानं आली. संपादक बाई म्हणाल्या, ऐकून फार वाईट वाटलं, हवा तेवढा वेळ घे. मी म्हटलं, नको, देते. उपसंहारात मी पूर्वीच लिहून ठेवलेला एक परिच्छेद होता. त्यात होतं, की निर्णय घेणारे ज्या धोक्यांची चर्चा करतात ते धोके बहुधा टळतात. किंमत ज्याला मोजावी लागते त्याचं नाव चर्चेत आलेलंच नसतं. मी तो परिच्छेद वाचला. त्यात एक स्वल्पविराम जास्त होता, तो काढला. पुढचं पान घेतलं.

नवरा आणि मी याबद्दल एकदाच बोललो. तो भांडी लावत होता. माझ्याकडे पाठ होती.

"ताई नको म्हणत होती," तो म्हणाला.

"हो."

"आपण स्वयंपाक कोण करणार याचा विचारच केला नाही."

"तिने विचारलं होतं," मी म्हणाले.

त्याने पुढची ताटली उचलली. वर्गात मी जे वाक्य सांगते, पुढे काय झालं ते त्या माणसांना माहीत नव्हतं, ते मला त्या क्षणी त्याला सांगता आलं असतं. ते खरंही होतं. मी सांगितलं नाही, कारण आम्हाला ते ऐकून काहीही झालं नसतं.

पुस्तक सप्टेंबरात आलं. प्रकाशन कॉम्प्युटरवर झालं, लोक आपापल्या घरी हातात ग्लास घेऊन बसले होते. कॉर्कहून एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं, "ही माणसं वाईट होती, की त्यांचे निर्णय वाईट होते?" मी उत्तर दिलं. पुष्कळांनी नंतर कळवलं, की ते उत्तर छान होतं. काय होतं ते मला आज सांगता येणार नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी शाळांना सुट्टी लागली तेव्हा आम्ही गेलो. दिवाळी तोंडावर होती, पण आमच्याकडे त्या वर्षी नव्हती. मुंबईहून गाडी करून थेट साताऱ्याला, ताईच्या घरी, कारण आबा आता तिथे राहत होते. गावातलं घर बंद केलं होतं, म्हैस विकली होती. जावयाने त्यांना स्वतः जाऊन आणलं होतं. आम्हाला ते फोनवर कळलं होतं, पण डोळ्यांसमोर आलं नव्हतं.

दार ताईच्या नवऱ्याने उघडलं. केस पांढरे झाले होते. "या," ते म्हणाले, "हात धुऊन घ्या, गरम आहे तोवर बसा." स्वयंपाकघरात आबा ओट्यापाशी उभे होते. परातीत पीठ मळलेलं, तवा तापलेला. ते भाकरी थापत होते. ती एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होत होती आणि मधे चीर पडत होती. त्यांनी ती तशीच उचलून तव्यावर टाकली.

"मामा, पाणी लावा वरून," जावई म्हणाले.

"लावलंय."

"कुठं लावलंय?"

"लावलं म्हनतोय न्हवं?"

मुलीने मला इंग्रजीत विचारलं, ते भांडताहेत का? मी नाही म्हणाले. जावयांनी ओल्या बोटांनी भाकरीवर पाणी फिरवलं, आबांनी चिमटा त्यांच्या हातात दिला आणि दुसरा गोळा घेतला. दोघांना एकमेकांच्या हालचाली पाठ झाल्या होत्या. आमच्याशी बोलायला त्यांना वेळ नव्हता. नवरा दारात बूट हातात धरून उभा होता. मग तो बूट खाली ठेवून आत गेला, आणि ताटं कुठे आहेत म्हणून विचारायला लागला.